क्षितिजाआड जाणारा संकेत

[दृश्य: समुद्रावरचा सूर्यास्त]

क्षितिजाला टेकलेला हा सूर्य खरं तर केव्हाच खाली गेलाय. हवेतून येताना त्याचे किरण अर्ध्या अंशाहून थोडे जास्त वाकतात, म्हणून तो अजून आपल्याला दिसतो. रेडिओ लहरीही अशाच वाकतात. त्या किती वाकल्या हे मोजता आलं, की वाटेतल्या हवेचा ठाव लागतो.

[दृश्य: ॲनिमेशन – पृथ्वी, दोन उपग्रह]

वर, सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर जीपीएसचा उपग्रह आहे. खाली, काहीशे किलोमीटरवर, संकेत टिपणारा छोटा उपग्रह. छोट्या उपग्रहावरून पाहिलं, तर जीपीएसचा उपग्रह पृथ्वीच्या कडेआड मावळतोय. मावळता मावळता त्याचा संकेत आधी विरळ, मग दाट हवेतून येऊ लागतो, आणि मिनिट-दोन मिनिटांत वातावरणाचा उभा छेद हाती येतो. ढग असोत, रात्र असो, फरक पडत नाही. याला म्हणतात रेडिओ पिधान, म्हणजे रेडिओ संकेताचं आड जाणं.

ही युक्ती आधी मंगळावर वापरली गेली. 1965 मध्ये मरिनर-4 यान मंगळाच्या आड गेलं, आणि त्याच्या संकेतावरून कळलं की तिथला हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी आहे. पृथ्वीची पाळी आली 1995 मध्ये, मायक्रोलॅब-1 या उपग्रहापासून. मग 2006 मध्ये तैवान आणि अमेरिकेचे सहा कॉस्मिक उपग्रह एकाच रॉकेटवरून वर गेले.

[दृश्य: पडद्यावर उतरत जाणारी रेघ]

जमिनीलगतसुद्धा हा संकेत जेमतेम एखादा अंश वाकतो. तीस किलोमीटरवर तर त्याच्या शंभराव्या भागाएवढाच. इतका बारीक कोन सापडतो तो घड्याळामुळे. लहर वाकली की तिची वारंवारता किंचित सरकते, आणि ते सरकणं अणुघड्याळांच्या जोरावर पकडता येतं. जीपीएसचा संकेत 1575.42 आणि 1227.60 मेगाहर्ट्झ अशा दोन वारंवारतांवर येतो. आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, दोन्हींना वेगवेगळं वाकवतं, त्यामुळे त्याचा वाटा बराचसा वजा करता येतो. उरलेल्या कोनातून हवेची घनता, घनतेतून दाब, दाबातून तापमान.

खाली मात्र बाष्प आडवं येतं. लहर तापमानामुळे वाकली की बाष्पामुळे, हे नुसत्या कोनावरून सांगता येत नाही. तिथे दुसरीकडून माहिती घ्यावीच लागते.

[दृश्य: हवामानाचा फुगा सुटतो. काही क्षण फक्त वाऱ्याचा आवाज.]

आता पडताळणी. आमच्या मते या कामाचा जीव इथेच आहे.

हा फुगा सेकंदाला साधारण पाच मीटर वेगानं चढतो. वर पोहोचायला त्याला दीड-दोन तास लागतात, आणि तोवर वारा त्याला दूर नेतो. त्याचा संवेदक उन्हात तापतो. फुगा एका वाटेवरची हवा सांगतो, तर पिधान दोन-तीनशे किलोमीटर पट्ट्याची सरासरी. दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर चूक कोणाची? फुगा जुना म्हणून तोच खरा, असं धरून चालणार नाही.

कॉस्मिकचे सहा उपग्रह सुरुवातीला एकमेकांच्या अगदी जवळ होते. त्यांतल्या दोघांनी जवळपास एकाच हवेतून आलेले संकेत टिपले, आणि त्यांचे आकडे उत्तम जुळले. पण दोघे मिळून एकाच बाजूला चुकत असतील, तर ते या जुळण्यातून कळणार नाही. म्हणून फुगा आणि पिधान यांच्या जोडीला तिसरा साक्षीदार आणतात, हवामानाचं संगणकी मॉडेल. तिघांतले जोडीजोडीचे फरक घेऊन प्रत्येकाची चूक वेगळी काढता येते, पण तिघांच्या चुका एकमेकांशी बांधलेल्या नसतील तरच.

[दृश्य: फरकाचा आलेख, उंचीनुसार]

साधारण आठ ते तीस किलोमीटरच्या दरम्यान फरकाची ही पट्टी किती अरुंद आहे, बघा. खालच्या दोन किलोमीटरांत ती पसरते. उष्ण समुद्रावर दमट हवेच्या डोक्यावर कोरडी हवा बसलेली असते. तिथे संकेत इतका वाकतो की थरातच अडकतो, आणि हवेची अपवर्तकता, म्हणजे लहर वाकवण्याची क्षमता, खऱ्यापेक्षा कमी निघते. हा दोष सरासरीत विरघळवून टाकू नये. आलेख छापताना खालचा भागही छापावा, आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्याची चूक लिहावी.

हे आकडे रोज जगभरच्या हवामान अंदाजांत जातात, आणि इतर उपग्रहांच्या मापनांतली एकाच बाजूला झुकणारी चूक ओळखायलाही उपयोगी पडतात.