कळशीवरचं नाव

नमस्कार श्रोतेहो. दिवाळी तोंडावर आली आहे, घरोघरी माळे उतरवायला सुरुवात झाली असेल. म्हणून आजच्या विषयाच्या आधीच एक विनंती करून ठेवते. माळ्यावरून खाली आलेली वस्तू लगेच भंगारात घालू नका. एक दिवस थांबा. ती पुसा, उजेडात धरा आणि घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला विचारा, हे कुणाचं? एवढंच विचारा. हे कुणाचं?

आज आपण बोलणार आहोत ते आपल्याच घरातल्या वस्तूंनी घर सजवण्याबद्दल. दुकानातून आणलेली शोभेची वस्तू वाईट असते असं मी म्हणत नाही. पण पाहुणा तिच्याकडे बघतो, ‘छान आहे’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. तोच पाहुणा फळीवर ठेवलेला अडकित्ता बघून विचारतो, हा कुणाचा? मग चहा होतो, दुसरा चहा होतो, गप्पा संपत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका घरात लक्ष्मीची जुनी तसबीर आहे. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून देवदेवतांची चित्रं घराघरांत पोचली, ती तुम्हाला माहीतच आहेत. त्या काळी बायका छापील लक्ष्मीच्या साडीला खरी जर लावत, टिकल्या शिवत. या घरातल्या तसबिरीलाही तशीच जर आहे, पणजीच्या हातची. चित्र लाखो घरांत असेल, पण ती जर एकाच घरात आहे. कागदावर डाग पडले म्हणून अशी तसबीर कुणी काढून टाकू नये.

आता मला जे सांगायचंच आहे, त्याकडे येते.

जुन्या भांड्यांवर नावं असतात. लग्नाच्या आहेरासाठी भांडं घेतलं की दुकानदार विचारायचा, ‘नाव काय घालायचं?’ दुकानाच्या पायरीवर बसलेला कारागीर बारीक छिन्नी आणि हातोडी घेऊन टिंबाटिंबांनी अक्षरं उठवायचा. कुणाला, कुणाकडून, तारीख. पुढे त्याची यंत्रं आली, पण टिंबांच्या अक्षराला जो हात होता तो यंत्राला नाही. हल्ली पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापतात. त्यामागची भावना मला कळते, तरी वाईट वाटतं. पाकिटातल्या नोटेवर मावशीचं नाव राहत नाही.

माझी आजी पुण्यात नारायण पेठेत, नदीपासून जवळच्या एका वाड्यात राहायची. १२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि नदी पेठांमध्ये शिरली. आजी मुलांना घेऊन उंचावरच्या नातेवाइकांकडे गेली ती नेसत्या वस्त्रानिशी. पाणी ओसरल्यावर परत आली तेव्हा वाड्याची मागची भिंत नव्हती. स्वयंपाकघरात गुडघाभर गाळ होता.

मग सुरू झालं भांडी शोधणं. आमची भांडी शेजारच्या वाड्यात, त्यांची आमच्या अंगणात, कुणाचा हंडा थेट रस्त्याच्या कडेला. गाळातून काढलेली भांडी बायकांनी ओट्यावर ओळीनं मांडली आणि एकेक उचलून अंगठ्यानं चिखल पुसत नावं वाचायला सुरुवात केली. आजी सांगायची, “अगं, सगळी भांडी सारखीच दिसत होती. चिखलाच्या रंगाची. नाव होतं म्हणून घरी आली.” कुणी मोठ्यानं नाव वाचायचं, गर्दीतून कुणीतरी “आमचं, आमचं” म्हणत पुढे यायचं. आजीची परात सापडली, दोन पातेली सापडली, लग्नातलं घंगाळ सापडलं. कळशी सापडली नाही. आणि ओट्यावर शेवटी एक कळशी उरली, पितळेची, काठाला पोचा आलेली. तिच्यावरचं नाव दोनदा वाचलं, तीनदा वाचलं. कुणीच पुढे आलं नाही.

ती कळशी आजीनं घरी आणली. तिला गरजही होती. धरणंच गेली होती, नळाला पाणी कुठून येणार? पेठेतल्या जुन्या विहिरी लोकांनी उपसून काढल्या आणि तिथून पाणी भरायला सुरुवात केली. आजी त्या परक्या कळशीनं पाणी भरायची. नळ सुरू झाले त्या दिवशी तिनं कळशी चिंच लावून लख्ख घासली आणि देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवली. म्हणाली, “हिनं आपल्याला पाणी पाजलंय. हिची बाई येईल तेव्हा भरून द्यायची.”

बाई आली नाही. येणार तरी कशी? पुरात घर गेलेली माणसं कुठे कुठे पांगली होती. कुणी गोखलेनगरला, कुणी लोकमान्यनगरला, कुणी त्या अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये. जुन्या पेठेत परत येऊन कळशी शोधायला कुणाला उसंत होती? काहींना परत यायला माणूसच उरलं नव्हतं. आजी हा विचार मनात येऊ द्यायची नाही.

पुढे स्टीलची लाट आली. सत्तरच्या दशकात घराघरांतून तांबं-पितळ मोडीत गेलं, तुमच्याकडचंही गेलं असेल. कल्हईवाल्याची वाट बघायला नको, आमटी कळकायची भीती नको, घासायला सोपं. त्या बायकांना मी अजिबात नावं ठेवत नाही, राखेनं भांडी घासून त्यांच्या हातांची कातडी गेली होती. माझ्या आईनंही परात दिली, पातेली दिली, घंगाळसुद्धा दिलं. कळशीपाशी मात्र तिचा हात थांबला. म्हणाली, “ही आपली नाहीच. दुसऱ्याची वस्तू मोडीत कशी घालायची?”

श्रोतेहो, आमच्या घरातलं आमच्या मालकीचं सगळं पितळ गेलं आणि परक्या बाईची कळशी तेवढी राहिली.

आता ती माझ्याकडे आहे. फ्लॅट घेतला तेव्हा सजावट करणाऱ्यांनी दाराजवळच्या कोपऱ्यासाठी एक उंच फुलदाणी सुचवली होती. मी तिथे लाकडी पाट ठेवला आणि पाटावर कळशी. वर एक साधा दिवा, प्रकाश नेमका नावावर पडेल असा. आजूबाजूला काही नाही. हे मी पुन्हा सांगते, कारण इथेच चूक होते. आजूबाजूला काही ठेवू नका. दहा आठवणी एका फळीवर दाटीनं मांडल्या की एकही दिसत नाही. एक वस्तू, तिच्याभोवती मोकळी जागा. काचेच्या बंद शोकेसमध्ये तर घालूच नका, ज्या वस्तूला हात लावता येत नाही तिच्याबद्दल मुलं विचारत नाहीत.

थोडं जपणुकीबद्दल. नावाच्या जागी काथ्यानं खसाखसा घासू नका, टिंबं झिजतात. चिंचेचा कोळ नुसत्या बोटानं फिरवा. गोधडी भिंतीवर लावायची असेल तर खिळे ठोकू नका, मागून कापडाची नळी शिवून त्यात काठी घाला, आणि थेट ऊन येणारी भिंत टाळा. जुन्या फोटोची प्रत काढून ती भिंतीवर लावा, मूळ फोटो आत अंधारात ठेवा. आणि वस्तू कुणाची, कुठून आली, हे चार ओळींत लिहून तिच्या तळाशी किंवा पाठीमागे ठेवा. सांगणारं माणूस कायम जवळ असेल असं धरून चालू नका. माझ्या आजीला मी शंभरदा ही गोष्ट सांगायला लावली, पण तिची स्वतःची हरवलेली कळशी कुणी दिली होती, तिच्यावर काय लिहिलं होतं, हे विचारायचं राहून गेलं.

कधी कसबा पेठेच्या बाजूला गेलात तर तांबट आळीतून चालत जा. ठोक्याठोक्यानं भांडं मठारणारे हात तिथे अजून आहेत. मठारल्यानं भांड्याला नुसती चमक येत नाही, पत्रा कडक होतो, भांडं टिकतं. जुन्या भांड्याचा पोचा काढायचा असेल तर तिथे विचारा. आमच्या कळशीचा पोचा मी काढलेला नाही. ज्यांची आहे त्यांनी ठरवायचं.

म्हणून आज रेडिओवरून विचारते. पितळेची कळशी, मध्यम आकाराची, पोचा उजव्या अंगाला. गळ्याखाली टिंबांच्या अक्षरांत दोन ओळी आहेत. नाव ‘सु’ या अक्षरानं सुरू होतं. पुढे आडनाव आहे, ते मी मुद्दाम सांगत नाही, ते तुम्ही मला सांगायचं. त्याखाली ‘हिस मावशीकडून’, आणि तारीख, ९-५-५४. पुन्हा सांगते. ‘सु’, मावशीकडून, नऊ मे चोपन्न. तुमच्या घरात पुराच्या आधीची कुणी आजी, पणजी, आत्या या नावाची असेल, तर आकाशवाणीच्या पत्त्यावर कार्ड टाका. कळशी घासून ठेवली आहे. द्यायची वेळ आली की भरून देईन.