पानावरचा डाग, अंगातला ताप

[दृश्य: महाबळेश्वर. पहाटेचं धुकं. गव्हाचा छोटा वाफा, पानांवर दव.]

महाबळेश्वरला माणसं स्ट्रॉबेरी खायला येतात, नाहीतर पॉइंट बघायला. तांबेरा बघायला कुणी येत नाही. पण इथे गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, आणि तिथे गव्हावर मुद्दाम रोग पाडतात. ज्याचं नाव काढलं तरी गहू पिकवणारा धसका घेतो, तो रोग इथे अगदी जपून वाढवला जातो. थंड हवा, धुकं, पानावर उशिरापर्यंत टिकणारं दव. तांबेऱ्याला आणखी काय हवं?

गेरूसारखी भुकटी म्हणून गेरवा, तांब्याचा रंग म्हणून तांबेरा. रोग एकच, बुरशीचा. अशा शेतातून चालत गेलं की पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत विटकरी होतो.

[दृश्य: गव्हाची दोन पानं शेजारी शेजारी, अगदी जवळून.]

ही दोन पानं बघा. डावीकडच्या पानावर पुटकुळ्या फुटल्यात आणि त्यांतून लाल भुकटी सांडतेय. उजवीकडच्या पानावर फक्त फिकट ठिपके, कुणी टाचणी टोचल्यासारखे. दोघांवर एकच बुरशी पडलेली, तीही एकाच दिवशी. डावीकडचं पान रोगाने पछाडलंय हे सांगायला नको. पण उजवीकडचे ते ठिपके म्हणजे काय? थोडासा रोग?

नाही. ते ठिपके बुरशीने पाडलेले नाहीत. गव्हाने स्वतः पाडलेत.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकातून. बीजाणूला फुटणारा कोंब.]

त्या लाल भुकटीचा एकेक कण म्हणजे बीजाणू, बुरशीचं बी. तो पानावर पडतो. दवात भिजला की त्याला बारीक कोंब फुटतो. अंधारात भिंत चाचपत दार शोधावं तसा तो कोंब पानाच्या पृष्ठभागाचे चढउतार चाचपत पर्णरंध्रापर्यंत पोचतो आणि आत शिरतो. मग एखाद्या पेशीची भिंत भेदून आत बोंडासारखा अवयव वाढवतो आणि बसल्या जागी अन्न ओढत राहतो. पेशीला तो मारत नाही. तांबेऱ्याला पेशी जिवंतच लागते. गोचिडीचं जसं गाईवाचून चालत नाही, तसंच याचं.

आणि गहू नेमकं इथेच त्याला पकडतो. प्रतिकारक वाणाच्या पेशीत काही प्रथिनं पहाऱ्याला असतात. बुरशीने आत सोडलेला एखादा विशिष्ट रेणू त्यांना ओळखू आला, की ती पेशी बुरशीशी झुंजत बसत नाही. ती स्वतःच मरते. शेजारच्या दोन-चार पेशीही मरतात. बुरशी जिवंत पेशीच्या शोधात आलेली असते आणि तिच्या भोवती फक्त मढी उरतात. ती उपाशी मरते. मागे राहतो एक फिकट ठिपका.

अमेरिकेत मिनेसोटामध्ये एल्विन स्टॅकमन हा शास्त्रज्ञ खोडावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करत होता. १९१५ मध्ये त्याने लिहून ठेवलं, की गव्हाचा वाण जितका जास्त प्रतिकारक, तितक्या त्याच्या पेशी लवकर मरतात. या प्रकाराला त्याने अतिसंवेदनशीलता म्हटलं. आपल्याला वाटतं, रोगाला दाद न देणारा गहू म्हणजे चिवट गहू. खरं तर तो हळवा गहू असतो. नुसता धक्का लागला की जीव देणारा.

[दृश्य: ओटचं शेत. जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

हा डाव एकदा फार महागात पडला, तेही सांगायला हवं. १९४० च्या दशकात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात ओटचे नवे वाण आले. व्हिक्टोरिया नावाच्या वाणाकडून त्यांना तांबेऱ्याविरुद्धचा प्रतिकार मिळाला होता. तांबेरा आला की पेशी मरायच्या आणि पीक वाचायचं. शेतकरी खूश, आणि लाखो एकरांवर तेच बियाणं. मग एक दुसरीच बुरशी आली. हिला जिवंत पेशी नको होती, मेलेलीच हवी होती. तिच्या विषाने ओटचा तोच आत्मघात सुरू व्हायचा. तिने नुसती कळ दाबायची, बाकीचं काम ओट स्वतः करायचा. १९४६ पर्यंत हा करपा सगळीकडे पसरला होता. तांबेऱ्याचा प्रतिकार आणि या करप्याची बाधा, हे दोन गुण वेगळे करून बघायचे पुष्कळ प्रयत्न झाले. ते वेगळे झालेच नाहीत.

[दृश्य: तंबाखूचं झाड. खालच्या पानावर विषाणूचा रस चोळणारा हात.]

आता तंबाखू. कॉर्नेल विद्यापीठात फ्रँक रॉस या संशोधकाने तंबाखूच्या खालच्या पानांना मोझॅक विषाणू चोळला. पानांवर अपेक्षेप्रमाणे डाग पडले. काही दिवसांनी त्याने तोच विषाणू वरच्या, निरोगी पानांना चोळला. तिथेही डाग पडले, पण मोजके आणि लहान. हे १९६१ मधलं काम. वरची पानं आधीच सावध झालेली होती.

पण त्यांना सांगितलं कुणी? झाडाला रक्त नाही, मज्जातंतू नाहीत. आपल्या पांढऱ्या पेशींसारखी शरीरभर हिंडणारी फौज नाही. प्रत्येक पेशी आपापल्या भिंतीत चिणलेली.

या प्रश्नाचा एक धागा औषधाच्या डब्यात सापडला. १९७९ मध्ये इंग्लंडच्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात तंबाखूच्या पानात ॲस्पिरिन टोचून बघितलं. नंतर विषाणू चोळला, तर डाग फारच कमी पडले. डोकेदुखीची गोळी झाडाला लागू पडली! पुढे १९९० मध्ये कोडं उलगडलं. रोग झाला की तंबाखू आणि काकडी स्वतःच सॅलिसिलिक आम्ल बनवतात, म्हणजे ॲस्पिरिनची मूळ आई. झाडाचा हा इशारा आहे. तो मिळाला की दूरची पानं बुरशीची भिंत विरघळवणारी प्रथिनं तयार करायला घेतात.

याच आम्लाचं एक रूप हवेत उडतं. रोगट तंबाखू ते सोडते आणि शेजारच्या झाडांपर्यंतही ते पोचतं. त्याचा वास तुमच्या ओळखीचा आहे. दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या बऱ्याच बामांमध्ये तेच असतं.

[दृश्य: सह्याद्रीतली नदी. काठावर वाळुंजाचं झाड.]

नदीकाठी वाळुंज बघितलंय? सॅलिसिलिक हे नाव याच कुळाच्या लॅटिन नावावरून आलं. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं, की वाळुंजाच्या जातभाईची साल वाळवून, कुटून आपण पन्नासेक तापकऱ्यांना दिली आणि गुण आला. १८९९ मध्ये बायर कंपनीने त्याच घराण्यातलं ॲस्पिरिन बाजारात आणलं.

गंमत अशी, की ज्या घराण्यातल्या रेणूने झाड आपला बचाव जागा करतं, त्याच घराण्यातल्या रेणूने आपण आपला ताप उतरवतो. आणि ताप हा रोग आहे की बचाव?

[दृश्य: वाळवंट. दगडावर पहुडलेला इग्वाना.]

हा प्रश्न मिशिगन विद्यापीठातल्या मॅथ्यू क्लूगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सरड्याला विचारला. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या वाळवंटात राहणारा हा इग्वाना. याच्या रक्ताला स्वतःची ऊब नाही. गरम व्हायचं तर उन्हात जायचं, थंड व्हायचं तर सावलीत. म्हणजे याला ताप येणं शक्यच नाही, असं वाटेल. पण जिवाणू टोचल्यावर हे सरडे प्रयोगशाळेतल्या गरम कोपऱ्यात जाऊन बसले आणि एरवीपेक्षा दोनेक अंश जास्त तापले. ताप येत नाही ना? मग उठून आणायचा!

१९७५ मध्ये त्यांनी पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. जिवाणू टोचलेले सरडे ३४ ते ४२ अंशांपर्यंतच्या वेगवेगळ्या तापमानात कोंडून ठेवले, हलायची मुभा नाही. गारव्यातले बहुतेक मेले, ४२ अंशातले बहुतेक जगले. वर्षभराने त्यांनी आजारी सरड्यांना सोडियम सॅलिसिलेट दिलं, ताप उतरवायला. औषध घेऊनही ज्यांनी ताप आणलाच, ते जगले. ज्यांचा ताप आला नाही, ते मेले.

हे ऐकून घरातल्या गोळ्या फेकून देऊ नका. माणूस म्हणजे सरडा नव्हे, आणि लहान मुलाला भरमसाट ताप चढला की डॉक्टरच लागतो. डेंग्यूच्या दिवसांत ॲस्पिरिन घेऊ नका असं सांगतात, त्याचं कारणही वेगळं आहे, तिथे भीती रक्तस्रावाची असते. पण अंग कोमट झालं रे झालं की गोळी घ्यायची आपली सवय, तिच्याकडे मी तरी हल्ली संशयाने बघतो.

[दृश्य: गोठा. मान खाली घालून उभी असलेली गाय. समोर तसाच पडलेला चारा.]

२०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पी आला, तेव्हा गोठ्यागोठ्यात हे दृश्य होतं. अंगावर गाठी, अंगात ताप, दूध आटलेलं, रवंथ बंद. "गाईने वैरण सोडली" हे वाक्य शेतकरी ज्या आवाजात बोलतो, तो आवाज ऐकवत नाही. गाईने वैरण सोडणं ही वाईट खूणच. पण बेंजामिन हार्ट या अमेरिकन पशुवैद्यकाने १९८८ मध्ये एक वेगळा विचार मांडला. आजारी जनावर निपचित पडतं ते केवळ शक्ती गेली म्हणून नव्हे. ताप टिकवायला भरपूर ऊर्जा लागते, म्हणून शरीर चरणं, हिंडणं, माजावर येणं, सगळा बाकीचा खर्च बंद करतं. घरात मोठं आजारपण आलं की आपण सणवार साधेपणाने उरकतो, तसं.

आणि न खाण्यातही हिशेब असतो. जिवाणूंना वाढायला लोह लागतं. संसर्ग झाला की शरीर रक्तातलं लोह काढून यकृतात आणि प्लीहेत दडवून ठेवतं. चरणं बंद, म्हणजे बाहेरून नवं लोहही येत नाही. ताप चढलेला आणि लोह कमी, अशा जोडीपुढे काही जिवाणूंची वाढ खुंटते. अंड्याच्या पांढऱ्या बलकातही लोह घट्ट धरून ठेवणारं प्रथिन असतं. तिथे पिल्लू अजून घडायचंय, पण कोठाराला कुलूप आधीच लागलंय.

[दृश्य: समुद्रकिनारा. काचेसारखी पारदर्शक अळी.]

पुवाचीही तीच कथा. एके काळी बऱ्याच डॉक्टरांना वाटायचं, की पुवातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना अंगभर पोचवतात. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना गावी एल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होता. घरची मंडळी सर्कशीला गेली होती. हा एकटाच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून समुद्रताऱ्याच्या पारदर्शक अळ्या बघत बसलेला. मनात आलं, इथे काटा टोचला तर? बागेतल्या गुलाबाचे काटे काढून त्याने अळ्यांना टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तर हिंडत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या. रक्तवाहिन्या नाहीत, तरी मोर्चा आलेला. १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळालं, पॉल एरलिशबरोबर.

[दृश्य: पुन्हा महाबळेश्वर. झाडाखाली मधपेट्या.]

महाबळेश्वरला परत येऊ, पण गव्हाकडे नाही. याच तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये राज्याचं पहिलं मधाचं गाव झालं. या पेट्यांमध्ये सातेरी, म्हणजे आपल्याकडच्या देशी मधमाश्या आहेत. १९९० च्या दशकात सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती संपवल्या. या रोगात अळीची पाण्याने भरलेली पिशवी होते.

एका माशीचं आयुष्य चिमूटभर. तिच्यात आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतात. मग राखण करायची ती पोळ्याने. परदेशी पाळीव माशीवर झालेलं काम सांगतो. पिल्लांना खडू करून टाकणारी एक बुरशी असते, तिला वाढायला पोळं जरा गार असावं लागतं. २००० मध्ये असं दिसलं, की या बुरशीचा शिरकाव होताच, एकही अळी मेलेली दिसण्याआधी, माश्या पिल्लांचा भाग जास्त तापवतात. ताप आला, पण एका अंगाला नव्हे. पोळ्याला.

त्याआधी, १९६४ मध्ये वॉल्टर रोथेनबुलर याने दाखवलं होतं, की काही वसाहतींतल्या माश्या रोगट अळीच्या घराचं झाकण उघडतात आणि तिला ओढून बाहेर टाकतात. काही वसाहती नुसतं झाकण उघडून थांबतात. काहींचं झाकण कुणी उघडून दिलं, तरच त्या अळी काढतात. दोन्ही कामं करणारी वसाहत टिकते.

[दृश्य: मुंग्यांचं घर. एका कोशाभोवती जमलेल्या मुंग्या.]

मुंग्या याच्या पुढे जातात. उसातल्या हुमणीसाठी आपल्याकडे मेटारायझियम नावाची बुरशी विकत मिळते, कीटकांना मारणारी. तिची लागण झालेल्या मुंगीच्या कोशाला वेगळा वास येतो. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं, की बागेतल्या एका जातीच्या मुंग्या तो वास येताच कोश फाडतात, आतल्या पिल्लाला चावून भोकं पाडतात आणि त्यातून फॉर्मिक आम्ल आत सोडतात. पिल्लू मरतं. बुरशीही मरते, बीजाणू पसरायच्या आत. गव्हाच्या पानावरचा ठिपका आठवतोय ना? तोच हा, फक्त पेशीच्या जागी पिल्लू.

[दृश्य: मधपेटीचं दार. सकाळ.]

सकाळी पेटीच्या दाराशी पांढऱ्या अळ्या पडलेल्या दिसल्या, की माश्या पाळणारा आधी खाली बसतो आणि मोजतो. किती आहेत, कोरड्या की पाणी सुटलेल्या, पेटीत येणंजाणं चालू आहे का. दारातून एक माशी उलटी चालत बाहेर येतेय, तोंडात अळी धरून. ओझं तिच्याहून फार लहान नाही. काठापर्यंत येते, सोडते, पाय पुसते आणि परत आत जाते.

[संथ अंधार.]