ओला पाणकावळा आणि तेवीस अडया

[धामापूर तलाव, सकाळी सात. झिमझिम पाऊस.]

डिसेंबर महिना. मालवण तालुक्यात या दिवसांत पहाटे गोड थंडी असायला हवी. आज समुद्रावरून ढग चढलेत. मोहोर धरायच्या वेळी असा पाऊस म्हणजे आंबेवाल्यांच्या पोटात गोळा. वाटेत एका आजोबांनी माझ्या गळ्यातली दुर्बीण बघितली आणि म्हणाले, "ह्या पावसात खंय चल्लंस? पक्षी काय तुझी वाट बघतत?"

नसतील बघत. मी देवळाच्या आडोशाला उभा राहिलो.

हा तलाव १५३० सालचा. डोंगरांच्या कुशीत, काठावर भगवतीचं देऊळ. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला.

[पाण्याचा संथ पृष्ठभाग. शिट्ट्यांचा आवाज.]

ऊन असलं की नऊनंतर पाणी नुसतं चकाकतं आणि दुर्बिणीत बदकांच्या काळ्या बाहुल्या होतात. आज चकाकी नाही. पलीकडच्या काठावरच्या अडईच्या, म्हणजे शीळ घालणाऱ्या बदकाच्या, शेपटीजवळचा विटकरी रंगसुद्धा स्पष्ट दिसतो. भिंगं मात्र दर दोन मिनिटांनी पुसावी लागतात. त्यासाठी जुना सुती पंचा उत्तम. महागडं कापड पहिल्या सरीतच हात टेकतं.

[पाण्यातून वर आलेली फांदी. पाणकावळा.]

आजचा नायक हा. पाणकावळ्याची पिसं बदकासारखी पाणी झटकत नाहीत, भिजतात. म्हणून तर त्याला बुडी सहज मारता येते आणि म्हणूनच नंतर पंख पसरून वाळत बसावं लागतं. पण वाळायला ऊन कुठाय? पंख पसरतो, मिटतो, पुन्हा पसरतो. दोरीवरचे कपडे आत-बाहेर करणाऱ्या घरच्या बाईसारखी त्याची गत. अर्ध्या तासाने तो तसाच ओला पाण्यात शिरला.

त्याच्या डोक्यावरून भिंगऱ्या, म्हणजे उडता उडता किडे टिपणारे छोटे पक्षी, गेल्या, पाण्याला टेकतील इतक्या खालून. हवा कुंद झाली की किडे खाली उतरतात, त्यांच्यामागून या.

[धुकं दाटतं.]

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून दरवर्षी. तिची ही माझी तालीम. अडया मोजल्या: सतरा. धुकं जरा सरकलं: तेवीस. पुन्हा मोजायला घेतल्या तोच मोठी सर आली आणि पलीकडचा काठच पुसला गेला. वहीत लिहिलं, 'अडई, किमान तेवीस'. पेन्सिलीने, कारण शाई मागच्याच वर्षी वाहून गेली होती. अंदाजाने तीस लिहायचा मोह होतो. आवरायचा.

[परतीची वाट.]

आजोबा अजून पडवीतच.

"गावले काय?"

"तेवीस अडया. आणि एक पाणकावळा, भिजलेला."

ते माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, "म्हंजे भिजलेले दोन."