कृष्णाने आपला शब्द मोडला तेव्हा

महाभारतावर बोलायला उभं राहिलं की एक प्रश्न हमखास येतो. द्रोण खोटं बोलून मारले, कर्ण चाक उपसत असताना मारला, दुर्योधनाच्या मांडीवर गदा घातली, आणि हे सगळं ज्याच्या सल्ल्याने झालं त्याला तुम्ही देव म्हणता, ते कसं काय? बहुधा विशीतली मुलंमुली हा प्रश्न विचारतात. विचारताना थोडी घाबरतात, कारण घरी विचारला तर ‘देवाबद्दल असं बोलू नये’ एवढंच उत्तर मिळालेलं असतं. मला हा प्रश्न आवडतो. आजचं व्याख्यान त्याच प्रश्नावर आहे आणि मी कृष्णाच्या बाजूने बोलणार आहे.

आधी एक गोष्ट. कृष्णाचा बचाव करणारे पुष्कळदा दोन सोप्या वाटा धरतात. एक म्हणजे ‘ती भगवंताची लीला, आपल्याला काय कळणार’. दुसरी म्हणजे हे प्रसंग मागाहून घुसडलेले आहेत असं म्हणून ते बाजूला काढायचे. दोन्ही वाटा मला मान्य नाहीत, कारण खुद्द व्यासांनी यातलं काही लपवलेलं नाही. मांड्या फुटून पडलेला दुर्योधन कृष्णाला तोंडावर एकेक कपट ऐकवतो. शिखंडीला पुढे केलंस, द्रोणांना शस्त्र टाकायला लावलंस, हात तुटलेल्या भूरिश्रव्याला मारवलंस, कर्णाला संकटात गाठलंस. त्याचं बोलणं संपतं आणि आकाशातून फुलं पडतात ती दुर्योधनावर! पांडव माना खाली घालतात. बलरामाला तर कृष्णाने घातलेली समजूत पटतच नाही. ग्रंथ तिला ‘धर्मच्छल’ म्हणतो, म्हणजे धर्माच्या नावाखालची फसवणूक. ज्या ग्रंथाने फिर्यादीची बाजू इतक्या मोकळेपणाने मांडली, त्यात बचावाची बाजूही तितक्याच गांभीर्याने मांडली असणार. ती शोधायची तर प्रसंग जवळून बघायला हवेत.

द्रोणांपासून सुरुवात करू. ‘नरो वा कुंजरो वा’ हे आपण मराठीत रोज वापरतो. कुणी धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना, की त्याने ‘नरो वा कुंजरो वा’ केलं. पण मूळ संहितेत ते असं नाही. तिथे शब्द आहेत, ‘अव्यक्तमब्रवीद् राजन् हतः कुञ्जर इत्युत’. अश्वत्थामा हा द्रोणांचा मुलगा, आणि त्याच नावाचा हत्ती मारला गेला होता. ‘अश्वत्थामा मेला’ हे युधिष्ठिर मोठ्याने म्हणाला आणि ‘हत्ती’ हे अस्पष्ट पुटपुटला. त्याच्या मनाची अवस्थाही कवीने त्याच श्लोकात सांगून टाकली आहे. तो असत्याच्या भयात बुडालेला होता आणि जयावर त्याचा जीव जडलेला होता. तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला.

आता त्या दिवशी रणांगणावर काय चाललं होतं ते पाहा, कारण ही बाजू कथा सांगताना नेहमी गळते. युद्धाचा तो पंधरावा दिवस. द्रोण ब्रह्मास्त्र चालवत होते, आणि ज्यांच्यावर चालवत होते त्यांना अस्त्रविद्येचा गंधही नव्हता. साधे सैनिक, घोडेस्वार, पायदळ. अस्त्र न जाणणाऱ्यावर अस्त्र टाकणं हा त्या काळच्या युद्धनियमांचा उघड भंग. हे कृष्ण म्हणत नाही, ऋषी म्हणतात. विश्वामित्र, वसिष्ठ आणि द्रोणांचे प्रत्यक्ष वडील भरद्वाज रणात येऊन त्यांना सांगतात, तू अधर्माने लढतो आहेस, ज्यांना अस्त्र कळत नाही अशी माणसं तू जाळलीस, आता शस्त्र ठेव. हे सगळं त्या अर्ध्या असत्याच्या अवतीभवतीच घडतं. आपण मात्र युधिष्ठिराचा रथ टेकलेला लक्षात ठेवतो आणि जळालेली पलटण विसरतो.

कृष्ण त्या वेळी काय म्हणाला? द्रोण असेच आणखी अर्धा दिवस लढले तर तुझी सेना संपली. जीव वाचवण्यासाठी बोललेल्या असत्याचं पाप लागत नाही. अर्जुनाला हे आवडलं नाही आणि त्याने ते लपवलंही नाही. युधिष्ठिरालाही पुढे स्वर्गारोहणाच्या वेळी याच असत्यापायी नरक पाहावा लागला. म्हणजे जीव वाचले, आणि डागही लागला. दोन्ही खरं आहे आणि ग्रंथ दोन्ही सांगतो.

मग प्रश्न असा उरतो की डाग लागू नये म्हणून किती माणसं मरू द्यायची? याचं उत्तर कृष्णाने सतराव्या दिवशी एका गोष्टीतून दिलं आहे. प्रसंग विलक्षण आहे. कर्णाचे बाण खाऊन युधिष्ठिर शिबिरात पडला आहे. कर्ण अजून जिवंत आहे हे कळताच तो चिडून अर्जुनाला म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्या कुणाला तरी दे. आणि अर्जुनाने गुपचूप प्रतिज्ञा केलेली आहे की गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याचं डोकं उडवीन. तो खरोखर तलवार उपसतो. सख्ख्या थोरल्या भावावर! का, तर शब्द दिला आहे म्हणून. कृष्ण त्याला अडवतो आणि कौशिकाची कथा सांगतो.

कौशिक हा सत्याचं व्रत घेतलेला तपस्वी. नद्यांच्या संगमाजवळ राहायचा. एकदा चोरांच्या भीतीने काही लोक पळत येऊन त्याच्या जवळच्या रानात लपले. मागोमाग चोर आले. त्यांनी विचारलं, महाराज, माणसं कुठे गेली? कौशिकाने बोट दाखवलं. चोरांनी त्या सगळ्यांना मारलं आणि कौशिक नरकात गेला. त्याचं व्रत अखेरपर्यंत शाबूत होतं. ही कथा सांगून कृष्ण म्हणतो, ‘धारणाद्धर्ममित्याहुर्धर्मो धारयते प्रजाः’. धारण करतो म्हणून धर्म. धर्माने प्रजा धरून ठेवायची असते.

माझ्या मते कृष्णाच्या सगळ्या वादग्रस्त कृत्यांची किल्ली या कथेत आहे. महाभारतात कौशिक एकटा नाही, सभा भरून कौशिक आहेत. भीष्मांना आपली प्रतिज्ञा सांभाळायची आहे. द्रोणांना खाल्ल्या मिठाला जागायचं आहे. कर्णाला मैत्री निभवायची आहे. द्यूताचं बोलावणं आलं की नाही म्हणायचं नाही, हा युधिष्ठिराचा नेम. सगळेच शब्दाचे पक्के! आणि या सगळ्या शब्दाच्या पक्क्यांसमोर द्रौपदीला केसांना धरून ओढत आणली. तिने विचारलं, राजाने आधी स्वतःला पणाला लावलं की मला? भीष्म म्हणाले, धर्म सूक्ष्म आहे, मला निर्णय देता येत नाही. प्रत्येकाचं व्रत अभंग राहिलं. फक्त त्या बाईला वाचवायला या शब्दाच्या पक्क्यांपैकी कुणी उठलं नाही.

याच्या शेजारी कृष्णाने स्वतःच्या शब्दाचं काय केलं ते ठेवून बघा. या युद्धात मी शस्त्र धरणार नाही, असं तो बोललेला होता. नववा दिवस. भीष्म पांडवांची सेना कापून काढताहेत आणि अर्जुनाचा हात आजोबांवर चालत नाही. कृष्ण लगाम टाकतो, रथातून उडी मारतो आणि नुसता चाबूक हातात घेऊन भीष्मांच्या दिशेने धावत सुटतो. तिसऱ्या दिवशीही तो असाच धावला होता, तेव्हा हातात चक्र होतं. अर्जुन मागून पळत येतो, त्याला मिठी घालतो, तरी कृष्ण त्याला ओढत पुढे जातोच. शेवटी अर्जुन पाय धरतो आणि दहाव्या पावलावर त्याला कसाबसा थांबवतो. थांबवताना म्हणतो काय? माधवा, लोक तुला खोटारडा म्हणतील.

हे कृष्णाला ठाऊक नव्हतं का? ठाऊक असूनच तो दहा पावलं गेला. लोक काय म्हणतील यापेक्षा समोर मरणारी माणसं त्याला मोठी वाटली. भीष्म प्रतिज्ञेसाठी कुळ बुडताना बघत राहिले आणि कृष्ण माणसांसाठी प्रतिज्ञा मोडायला निघाला. दोघंही थोर खरे, पण मला जवळचा वाटतो तो धावणारा.

आता कर्ण. मराठी मनाला कर्णाचं दुःख फार लागतं, मलाही लागतं. डावं चाक जमिनीत रुतलं आहे, संतापाने डोळ्यांत पाणी आलं आहे आणि तो म्हणतो, अर्जुना, क्षणभर थांब, धर्म आठव. यावर कृष्णाचं उत्तर कठोर आहे. राधेया, तुला आज धर्म आठवला हे बरंच झालं! भीमाला विष घातलं तेव्हा, लाक्षागृह पेटवलं तेव्हा, एकवस्त्रा द्रौपदीला सभेत आणलं तेव्हा, एकट्या अभिमन्यूला अनेकांनी मिळून घेरलं तेव्हा तुझा धर्म कुठे गेला होता? अभिमन्यूचं धनुष्य कर्णाने तोडलं होतं आणि तसं करायला द्रोणांनी सुचवलं होतं. रथ गेल्यावर त्या मुलाने चाक उचललं होतं. त्याला कुणी क्षणभर दिला नाही. कृष्णाचं बोलणं ऐकून कर्णाने लाजेने मान खाली घातली, उत्तर दिलं नाही.

पण तेवढ्यावर प्रसंग संपत नाही. कर्ण पुन्हा धनुष्य उचलून लढला. त्याचा एक बाण अर्जुनाच्या छातीत असा बसला की अर्जुनाला भोवळ आली, गांडीवावरची मूठ सैल झाली. ती संधी साधून कर्ण चाक काढायला पुन्हा खाली उतरला, आणि तेव्हा कृष्ण म्हणाला, तो रथावर चढायच्या आत मार. आपल्या डोळ्यांसमोर निःशस्त्र, हात जोडलेला कर्ण असतो. व्यासांचा कर्ण थांबलेला नव्हता.

आणि हाच कृष्ण युद्धाआधी काय करत होता? पाच गावं मागायला हस्तिनापुरात गेला होता. अविस्थल, वृकस्थल, माकंदी, वारणावत आणि पाचवं तुम्ही द्याल ते. विदुराने बजावलं की हे ऐकणार नाहीत, उगीच अपमान करून घेशील. तरी सभेत गेला. परतताना कर्णाला रथात घेऊन त्याच्या जन्माचं खरं सांगितलं, म्हणाला, तू थोरला पांडव, राज्य तुझं. कर्णाने नकार दिला. युद्ध टाळायचे सगळे मार्ग संपले, तेव्हा ते कमीत कमी माणसं मारून कसं संपेल एवढंच उरलं. जो आधी अशी शिष्टाई करत नाही त्याने नंतर कृष्णनीतीचं नाव घेऊ नये, असं मला फार वाटतं. स्वतःच्या फायद्यासाठी लबाडी करून ‘कृष्णानेही केलं’ म्हणणारे मी पाहिले आहेत. कृष्णाला या युद्धातून काय मिळालं? ना राज्य, ना गाव.

एक प्रसंग मात्र मला अजून टोचतो. घटोत्कच पडला आणि पांडव रडत असताना कृष्ण आनंदाने नाचला, कारण कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवलेली, एकदाच वापरता येणारी अमोघ शक्ती घटोत्कचावर खर्ची पडली होती. त्या शक्तीच्या विचाराने मला झोप नव्हती, असं तो सात्यकीला सांगतो. त्याची काळजी मला समजते. पण भीमाच्या लेकाच्या प्रेताशेजारचा तो नाच मी पुन्हा पुन्हा वाचला आणि माझं मन दरवेळी तिथे अडतं. बचाव करतो म्हणून हे गिळून टाकणं मला जमणार नाही.

राहिली गांधारी. शंभर मुलांची प्रेतं ओलांडत ती कृष्णापाशी येते. शाप देताना ती कपटाचं नावही काढत नाही. तिचा आरोप वेगळाच आहे आणि मला सगळ्यांत जड वाटतो तो हाच. तू समर्थ होतास, तरी उपेक्षा केलीस. आजपासून छत्तिसाव्या वर्षी तुझं कुळ असंच आपसांत लढून मरेल आणि तू रानात एकटा मरशील. कृष्ण किंचित हसतो. हे मला माहीत आहे, म्हणतो. कुरुकुळ बुडालं त्यात तुझाही अपराध आहे, हेही तो तिला स्पष्ट सांगतो. पण शाप परतवत नाही.

छत्तिसावं वर्ष उजाडलं. यादव प्रभासक्षेत्री एकमेकांवर तुटून पडले. मौसलपर्वात म्हटलं आहे की जगाचा प्रभू असूनही जे ठरलं होतं ते बदलायची त्याने इच्छा धरली नाही. दुसऱ्यांना तो धर्माचा हिशेब विचारत आला होता, आता स्वतःचा हिशेब आला तेव्हा त्याने सूट मागितली नाही. मुलं गेली, बलराम गेला. कृष्ण रानात जमिनीवर पडून राहिला. जरा नावाच्या व्याधाला हरीण वाटलं, बाण तळपायात घुसला. जवळ येऊन बघतो तर माणूस! व्याधाने घाबरून त्याचे पाय डोक्याला लावले. कृष्णाने त्याला धीर दिला आणि मग तो निघून गेला.