आभासी बेसबॉल लीगचा हॉल ऑफ फेम: आत कोण, बाहेर कोण?

मंडळी, ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’सारख्या खेळात वीसेक जण एकेक संघ सांभाळतात, सामने संगणक खेळवतो आणि अख्खा हंगाम काही आठवड्यांत उरकतो. असे पंधरा-वीस हंगाम झाले की निवृत्तांची रांग लागते. मग त्यातल्या थोरांची यादी, म्हणजे हॉल ऑफ फेम, करायला बसलेला माणूस सरळ कूपरस्टाउनचे, म्हणजे खऱ्या बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचे, टप्पे उचलतो: ५०० होमरन (कुंपणापार फटके), ३००० हिट (फटका मारून बेस गाठणं), आणि पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, ३०० विजय. घोळ सुरू होतो तो इथूनच.

बेसबॉलमधली सरासरी म्हणजे हिट भागिले ॲट-बॅट (फलंदाजीच्या पाळ्या, फुकट मिळालेले बेस वगळून). दहात तीन हिट, म्हणजे ०.३००, हा चांगला फलंदाज. पण कुठल्या साली? १९३० मध्ये मेजर लीगच्या (अमेरिकेतलं सर्वोच्च बेसबॉल) दोन शाखांपैकी नॅशनल लीगच्या सगळ्या फलंदाजांची मिळून सरासरी ०.३०३ होती, पिचर धरून. १९६८ मध्ये कार्ल यास्ट्रेम्स्की अमेरिकन लीगमध्ये पहिला आला तो ०.३०१ वर! त्याच वर्षी पिचर बॉब गिब्सनचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, क्षेत्ररक्षणाच्या चुकांच्या वगळून) १.१२ होता. पिचर इतके वरचढ झाले की १९६९ पासून माउंडची, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची, उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली.

संगणकावर माउंड खणावा लागत नाही. लीग चालवणाऱ्या कमिशनरने होमरनचा गुणक (होमरन किती पडतील ते ठरवणारा आकडा) जरासा हलवला की युग बदललं, आणि दहा वर्षांनी ते कुणाच्या लक्षातही नसतं. म्हणून खेळाडू मोजायचा तो त्याच्याच हंगामाच्या सरासरीवर. ओपीएस प्लस हा आकडा नेमकं हेच करतो. खेळाडूचं ऑन-बेस (किती पाळ्यांत बेस गाठला त्याचं प्रमाण) लीगच्या ऑन-बेसने भागा, स्लगिंग (दर ॲट-बॅटला हिटमधून मिळालेले बेस) लीगच्या स्लगिंगने भागा, दोन्हींची बेरीज करून एक वजा करा आणि शंभराने गुणा. शंभर म्हणजे लीगइतकाच.

करूनच पाहू. एकाचं ऑन-बेस ०.३८० आणि स्लगिंग ०.५२०; त्याच्या काळात लीगचं ०.३४० आणि ०.४३०. उत्तर येतं १३३. दुसऱ्याचं ०.३५० आणि ०.४५०, पण लीग ०.३०० आणि ०.३४० वर अडकलेली. उत्तर १४९. नुसती बेरीज बघितली तर पहिला ०.९०० आणि दुसरा ०.८००, मतं पहिल्याला पडतात, आणि ती चुकीची पडतात.

यात मैदानाचा हिशोब अजून आलेला नाही. घरच्या मैदानावर दहा टक्के जास्त धावा होत असतील तर खेळाडूला पाचच टक्के वळते करायचे, कारण निम्मे सामने बाहेर असतात. डेन्व्हरच्या विरळ हवेत चेंडू लांब जातो; तिथे खेळलेल्या लॅरी वॉकरला हॉल ऑफ फेमसाठी मत देणारे पत्रकार वर्षानुवर्षं याच शंकेने अडवत राहिले. २०२० साली, दहाव्या आणि शेवटच्या संधीत, ७६.६ टक्के मतांवर (हवी होती ७५) तो निसटता आत गेला. मालक मधेच कुंपण मागे-पुढे करतात, तेव्हा मैदानाचा गुणक आणि लीगची सरासरी दर हंगामाअखेर वेगळ्या फाइलमध्ये उतरवून ठेवा. नंतर काढू म्हटलं की ते राहूनच जातं.

पहिल्या पिढीवर हमखास अन्याय होतो. लीग सुरू झाली तेव्हा जो बत्तीस वर्षांचा होता, त्याच्या खात्यावर सहाच हंगाम. खऱ्या बेसबॉलमध्येही हे घडलं, आणि तिथे कारण वर्णभेदाचं होतं. कृष्णवर्णीय पिचर सॅचेल पेजला मेजर लीग मिळाली ती १९४८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. तो १९७१ साली आत गेला तो निग्रो लीगसाठी (कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीग) नेमलेल्या खास समितीतून, पत्रकारांच्या नेहमीच्या मतदानातून नव्हे. आभासी लीगमध्ये अशांसाठी किमान दहा हंगाम खेळल्याची नेहमीची अट काढा आणि फक्त उत्तम चार-पाच वर्षं तोला.

आता मतपत्रिका. ७५ टक्के मतं हवीत हा नियम उसना घ्यायला हरकत नाही. वीस मतदार असतील तर पंधरा मतं. पाच टक्क्यांखालचा खेळाडू यादीतून बाद, हा दुसरा नियम मात्र इथे फसतो. कूपरस्टाउनला शेकडो मतदार असतात. तिथे २०१३ साली केनी लॉफ्टन १८ मतं मिळवूनही, ३.२ टक्क्यांवर, पहिल्याच फेरीत गळला. वीस जणांत पाच टक्के म्हणजे एक मत, आणि आपल्या जुन्या संघाच्या खेळाडूला एक मत द्यायला मालक कायम तयार. मग तेच मध्यम खेळाडू दहा-दहा वर्षं यादीत ठाण मांडतात, आणि एका पत्रिकेवर दहाच नावं लिहायची असल्याने नव्यांची मतं खातात. किमान तीन मतं ही अट ठेवा. स्वतःच्या संघाला मत देण्यावर बंदी घालू नका. संघ बदललेल्यांचं काय, यावरच महिनाभर वाद चालतो. त्यापेक्षा प्रत्येकाची पत्रिका नावासकट जाहीर करा. चारचौघांत दिसणार म्हटल्यावर माणूस आपल्या लाडक्या शॉर्टस्टॉपचं नाव लिहिताना दोनदा आकडे बघतो.