एकाच भाड्यावर दोनदा कर

जहाजाच्या पोटातून क्रेनचा पंजा कोळसा उपसतोय. भांडण मात्र टेबलावरच्या या कागदाचं. हे बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीनं दिलेली मालाची पावती. कोपऱ्यातला शिक्का वाचा: 'फ्रेट प्रीपेड'. भाडं विक्रेत्यानं तिकडेच भरलंय. सौदा सीआयएफचा, म्हणजे माल, विमा आणि भाडं मिळून एकच किंमत. आयातदाराचा जहाज कंपनीशी ना करार, ना देणंघेणं.

आता हे बिल ऑफ एंट्री, आयात मालासाठी कस्टमकडे भरायचा कागद. सीआयएफ किंमत समजा 1 कोटी. सीमाशुल्क बाजूला ठेवलं, तरी कोळशावर तेव्हाच्या दरानं 5 टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), म्हणजे 5 लाख, इथेच भरला. त्यात भाड्यावरचा करही आलाच.

तरी 28 जून 2017 च्या अधिसूचना क्रमांक 8 आणि 10 म्हणत होत्या: परदेशी विक्रेत्यानं परदेशी जहाज केलं असेल, तर भाड्यावरचा कर आयातदारानं रिव्हर्स चार्जनं, म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी, भरावा. भाडं किती, हे त्याला ठाऊक नसेल तर? (ठाऊक असणार तरी कसं?) मग सीआयएफच्या 10 टक्के रक्कम भाडं धरायची आणि त्यावर 5 टक्के. आपल्या 1 कोटीवर आणखी 50,000. भारतीय जहाज कंपन्यांना कर आणि परदेशींना मोकळीक, हे थांबवायचं असं सरकारचं म्हणणं. रास्तच, पण भुर्दंड भलत्याच्याच माथी.

अहमदाबादच्या सोला भागातली ही इमारत, गुजरात उच्च न्यायालय. कोळसा आयात करणारी मोहित मिनरल्स इथे आली. 23 जानेवारी 2020 ला न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. ए. सी. राव यांनी भाड्यावरची ही आकारणी घटनाबाह्य ठरवली.

केंद्राचं अपील सर्वोच्च न्यायालयानं 19 मे 2022 ला फेटाळलं, पण वेगळ्या वाटेनं. आयातदाराला सेवेचा लाभार्थी मानता येईल, हे न्या. चंद्रचूड यांच्या पीठाला मान्य होतं. अडलं ते कंपोझिट सप्लायवर, म्हणजे एकत्रित पुरवठ्यावर: माल, विमा, वाहतूक हे एकच गाठोडं. ते उघडून त्यातल्या भाड्यावर वेगळा कर बसवता येत नाही. जीएसटी परिषदेच्या शिफारशी संसद आणि विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, हेही याच निकालात आलं. दुसऱ्या दिवशीचे मथळे त्याचेच होते. भाडं आतल्या पानावर गेलं.

कर भरून बसलेल्यांनी परताव्याचे अर्ज केले. अधिसूचनांतल्या नोंदी वगळल्या गेल्या त्या 1 ऑक्टोबर 2023 पासून, निकालानंतर 16 महिन्यांनी.