डोळे न्हाई हसले बगा

(दृश्य: औसा तालुक्यातलं एक गाव. दुपार. ओसरीवर बचत गटाच्या बाया, दाराशी दोन-तीन पुरुष. मधे एक मोबाईल.)

पडद्यावर संगणकाने घडवलेली एक ताई सोयाबीनच्या पीकविम्याची माहिती सांगतेय. सांगून होतं, आणि ती हसते.

पुढं बसलेल्या मावशी मान हलवतात. "हसली, पण डोळे न्हाई हसले बगा." दारातले काका म्हणतात, "चांगली हसली की!"

मावशींनी नेमकं हेरलं. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक दिले. ओठांचे कोपरे वर जातात, तो बारा. गाल उचलले जाऊन डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात, तो सहा. मनापासूनच्या हसण्यात बहुतेक वेळा दोन्ही दिसतात. या ताईचे ओठ हलले, गाल मात्र जागचे हलले नाहीत.

त्याच वर्षी ज्युडिथ हॉल यांनी ७५ अभ्यास एकत्र तपासले. चेहरा, हावभाव आणि आवाजावरून भावना ओळखण्यात स्त्रिया सरासरीने पुढे निघाल्या. पण फरक फार मोठा नव्हता. त्यावरून आपल्या काकांना चेहरा वाचता येत नाही, असं कुणी म्हणू नये.

मला जास्त बेचैन करतो तो १९७६ सालचा जॉन आणि सँड्रा काँड्री यांचा प्रयोग. नऊ महिन्यांचं एक बाळ. डबीतून टुणकन बाहुलं उडतं आणि बाळ रडायला लागतं. हा मुलगा आहे असं ज्यांना सांगितलं, त्यांना त्यात जास्त करून राग दिसला. मुलगी आहे असं सांगितलं, त्यांना भीती. लेकरू तेच, रडणं तेच!

२००७ सालच्या एका अभ्यासात काही चेहरे संगणकावर बनवलेले होते. तिथेही लोकांनी पुरुषाच्या चेहऱ्यावरचा राग आणि स्त्रीच्या चेहऱ्यावरचा आनंद लवकर ओळखला.

म्हणून माहिती सांगायला बहुतेकदा हसरी ताईच का निवडतात, हे विचारायला हवं. आणि तिचा चेहरा पक्का करण्याआधी तो अशा ओसरीवर आणून बाया-बाप्ये दोघांनाही दाखवायला हवा.

(दृश्य: मावशींच्या हातात मोबाईल. ताईचा थांबलेला चेहरा.)

मावशी अजून पडद्याकडेच बघतायत.

"दादा, विमा नामंजूर झाला म्हणून सांगताना बी ही अशीच हसंल का?"